शेगडीवरचा बर्फ

आगीला आपल्याकडे देव आहे, बर्फाला नाही. ऋग्वेदाचा आरंभच अग्नीपासून होतो. लग्न अग्नीच्या साक्षीनं, शेवटचा प्रवास अग्नीच्या स्वाधीन, आणि मधली सगळी वर्षं चुलीपाशी, नाहीतर चुलीवरून चाललेल्या भांडणात. बर्फाच्या वाट्याला मात्र सहसा ना होम, ना आरती. बिचारा हिमालयावर पडून असतो. खाली उतरला की त्याचं पाणी होतं आणि मग आपण त्या पाण्याची पूजा करतो. वितळल्याखेरीज देवपण नाही, असा काहीतरी नियम दिसतो.

कारण उघड आहे. आग लावणं सोपं. काडी ओढली की झालं. काही माणसांना तर काडीसुद्धा लागत नाही, नुसतं दोन घरी जाऊन आलं की पुरतं. गार करणं मात्र महाकठीण. म्हणूनच अमेरिकेतला आमचा भाचा फोनवर म्हणाला, "मामा, गाडीतला गॅसवर चालणारा फ्रिज काढून टाकला आणि घरातला साधा फ्रिज बसवला," तेव्हा ‘गॅसवर चालणारा फ्रिज’ या शब्दांपाशीच मी अडलो. गॅसवर चहा चालतो, कुकर चालतो, पाहुणे लवकर उठत नसले तर घरातली आदळआपटही चालते. फ्रिज कसा चालेल?

भाच्याकडे चाकांवरचं घर आहे. बस म्हणावी तर आत पलंग, ओटा, न्हाणीघर. घर म्हणावं तर दारापाशी स्टिअरिंग. वर्षातले दोन महिने तो त्यातून हिंडतो आणि बारा महिने हप्ते फेडतो. अशा गाड्या रानात, नदीकाठी, जिथं विजेचा खांब नाही तिथं मुक्काम करतात. म्हणून त्यांत प्रोपेन गॅसची टाकी असते. त्याच टाकीवर शेगडी, त्याच टाकीवर फ्रिज. म्हणजे एका बर्नरवर ऑम्लेट आणि दुसऱ्यावर आइस्क्रीम.

ही हकिगत मी आमच्या जासईच्या मेव्हण्याला सांगितली. जासई म्हणजे उरण तालुक्यातलं आमचं सासर. आता ‘सासर’ हा शब्द पुरुषानं वापरू नये म्हणतात. पण जिथं गेल्यावर मान खाली घालून बसावं लागतं आणि वाढतील ते खावं लागतं, त्याला दुसरं काय म्हणायचं? मेव्हणा कंटेनरच्या यार्डात नोकरीला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दाजी, आग लावून बर्फ? हे आमच्या आयला बोलू नका. ती मना उद्याच चुलीवर पानी ठेवून बर्फ कर बोलंल."

पण गंमत अशी, की हे खरं आहे. आग लावून बर्फ होतो, आणि त्याचं मूळ सासूबाईंच्याच स्वयंपाकघरात, माठात आहे. माठाच्या अंगातून पाणी पाझरतं, त्याची वाफ होते, आणि जाताना ती वाफ माठातली उष्णता घेऊन जाते. जगातले बहुतेक सगळे फ्रिज हे एवढंच करतात. फरक इतकाच, की माठ उडून गेलेली वाफ परत आणत नाही. फ्रिजला ती परत आणून पुन्हा तिचं द्रव करावं लागतं, म्हणजे तीच वाफ पुन्हा उष्णता पळवायला मोकळी. गेलेल्याला परत आणायचे मार्ग दोनच : एक धाकाचा, दुसरा लोभाचा.

धाकाचा मार्ग म्हणजे कॉम्प्रेसर. वाफेला दाबायचं, पिळायचं, इतकं की तिनं मुकाट्यानं द्रव व्हावं. जेकब पर्किन्स यांनी १८३४ साली याचं पेटंट घेतलं. तुमच्याआमच्या फ्रिजच्या पाठीमागे जी घरघर चालते, ती या धाकदपटशाची. लोभाचा मार्ग फर्दिनां कारे या फ्रेंच माणसानं १८५९ साली दाखवला. अमोनियाला पाण्याचा विलक्षण लोभ. पाणी दिसलं की तो त्यात शिरतोच. मग ते अमोनियाचं पाणी तापवायचं, की अमोनिया वैतागून बाहेर पडतो, पुढे नळीत निवून द्रव होतो, त्याची वाफ होताना गारवा देतो आणि पुन्हा पाणी दिसलं की त्यात शिरतो. जन्मभर हेच. फ्रिज चालवायचा तो फक्त खालच्या ज्योतीनं.

कारेच्या मोठ्या यंत्राला तरी पंप लागे. तो काढून टाकला स्टॉकहोमच्या दोन विद्यार्थ्यांनी. १९२२ साली फॉन प्लाटेन आणि मुंटर्स या जोडीनं नळ्यांमध्ये हायड्रोजनही भरला, दाब सगळीकडे सारखा केला, आणि पंपाची गरजच संपवली. ना मोटर, ना पट्टा, ना आवाज. खाली ज्योत, वर बर्फ. विद्यार्थीदशेत आम्ही वसतिगृहाच्या खोलीत चोरून चहा करण्यापलीकडे ज्योतीचा काही उपयोग केला नव्हता, हे इथं नोंदवून ठेवतो. त्यांच्या शोधाचे हक्क इलेक्ट्रोलक्सनं घेतले आणि १९२५ पासून असे फ्रिज बाजारात आले. एवढंच कशाला, साक्षात आइन्स्टाइननी लिओ झिलार्ड यांच्याबरोबर हलता भाग नसलेल्या फ्रिजचं पेटंट घेतलं, ते १९३० साली अमेरिकेत मंजूर झालं. बर्लिनमधलं एक कुटुंब फ्रिजमधून गळलेल्या विषारी वायूनं झोपेतच गेल्याची बातमी त्यांनी वाचली होती. विश्वाचं कोडं सोडवणाऱ्या माणसाला शेजारच्या घरातल्या फ्रिजची काळजी वाटावी, हे मला सापेक्षतावादापेक्षा जास्त कळतं.

मग भाच्यानं असा गुणी फ्रिज काढला कशाला? कारण त्याचा स्वभाव. या फ्रिजमध्ये सगळे द्रव आपल्या वजनानं उतारावरून वाहतात. तेव्हा तो जवळजवळ समतल बसला पाहिजे. जरा तिरका झाला की द्रव कोपऱ्यात साचतो, ज्योत मात्र तापवतच राहते, आणि असं फार वेळ झालं तर नळ्या आतून कायमच्या बिघडतात. जुन्या वळणाच्या जावयासारखं आहे हे. पाट सरळ मांडला नाही तर कुरकुर, आणि फार वेळ तसाच ठेवला तर कायमचा अबोला. भाच्याचं सगळं फिरणं त्या पाटाभोवती चाले. समोर सुंदर तळं, मागे डोंगर, पण बायको आधी लेव्हलची काचेची नळी फरशीवर ठेवून आतला बुडबुडा बघणार. बुडबुडा मधोमध नसेल तर चाकाखाली लाकडाचे तुकडे. निसर्ग बघायचा राहून जाई. त्यात बाहेर कडक उन्हाळा असला की फ्रिज हातपाय गाळणार, आणि दूध नासणार.

म्हणून घरातला फ्रिज आला. पण तो येतोय कुठून? दारातून शिरेना. अशा गाड्यांची दारं माणसांच्या मापाची असतात, कपाटांच्या नाही. शेवटी खिडकीची चौकट काढून फ्रिज आत घेतला. गॅसची नळी बूच मारून बंद केली. जुन्या फ्रिजची धग जायला भिंतीला आणि टपाला भोकं होती, ती बुजवली. भर रस्त्यात दार उघडून अंडी चालकाच्या अंगावर येऊ नयेत म्हणून दाराला कडी लावली. आणि रानात वीज नाही, म्हणून जास्तीच्या बॅटऱ्या, वर इन्व्हर्टर, त्या बॅटऱ्या भरायला टपावर सौर पट्ट्या. एका फ्रिजपायी अर्धं वीज मंडळ गाडीत आलं. आपल्याकडे नवी सून आली की आधी पंखा, मग सोफा, मग वेगळी खोली लागते, तसंच.

चाकांवरच्या घरात गारवा नेण्याची ही हौस अमेरिकेची मिरास आहे असं मात्र कुणी समजू नये. मुंबईनं हे कधीच करून ठेवलंय. मुळात मुंबईला बर्फ आला तोच अमेरिकेहून. फ्रेडरिक ट्यूडर नावाचा बॉस्टनचा व्यापारी तळी गोठली की त्यांच्या लाद्या कापायचा, भुशात घालायचा आणि जहाजानं जगभर पाठवायचा. १८३३ च्या मे महिन्यात त्याचं जहाज १८० टन बर्फ घेऊन कलकत्त्याला निघालं, ते सप्टेंबरात पोचलं तेव्हा १०० टनांच्या आसपास बर्फ शिल्लक होता. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानातून घरी येईपर्यंत कुल्फीची काडी तेवढी उरते, त्या हिशोबानं ट्यूडरला साष्टांग दंडवत घालायला हवा. १८३४ साली मुंबईलाही बर्फ आला, पुढे बर्फघर झालं. त्याच साली जमशेटजी जीजीभाईंनी मेजवानीत पाहुण्यांना आइस्क्रीम दिलं आणि यजमानांसकट सगळ्यांना सर्दी झाली, अशी हकिगत सांगतात. मुंबईच्या आइस्क्रीमच्या इतिहासाची सुरुवात अशी शिंकेनं झाली.

आणि बरोबर शंभर वर्षांनी, १९३४ साली, मुंबईहून पेशावरला जाणाऱ्या फ्रंटिअर मेलला वातानुकूलित डबा लागला. त्यात यंत्र नव्हतं, डब्याखालच्या पेट्यांत बर्फाच्या लाद्या होत्या. वाटेतल्या ठरावीक स्टेशनांवर वितळलेल्या लाद्यांच्या जागी नव्या लाद्या भरायच्या. आत साहेब गारव्यात पेंगतोय आणि फलाटावर हमाल मे महिन्याच्या उन्हात खांद्यावर बर्फ घेऊन धावतोय. गारवा एकाचा आणि घाम दुसऱ्याचा, ही व्यवस्था तेव्हाच पक्की झाली. पुढची सगळी कहाणी तिच्यातच बसते.

घरात फ्रिज यायला मात्र आपल्याला बराच वेळ लागला. जिथं वीज नव्हती तिथं रॉकेलच्या ज्योतीवर चालणारे फ्रिज होते. ते भाच्याच्या फ्रिजचेच सख्खे भाऊ. दवाखान्यांत त्यांच्यावर लसी टिकत. गोदरेजनं १९५८ साली आपल्याकडे फ्रिज तयार केला, आणि मग हळूहळू तो मध्यमवर्गाच्या घरी आला. स्वयंपाकघरात नाही, बैठकीत. सोफ्याशेजारी. वर विणलेला रुमाल, त्यावर फुलदाणी, आणि दाराला कुलूप. त्या काळच्या फ्रिजला खरोखरच किल्ली असे. आत असायचं काय, तर पाण्याच्या बाटल्या, लिंबं, आणि शेजाऱ्यांच्या पाहुण्यांसाठी बर्फ. चाळीत एक फ्रिज आला की अख्ख्या मजल्याचं सरबत गार होई. मालकाला वाटे आपण फ्रिज घेतला. खरं तर मजल्यानं त्याला बर्फखात्यावर नेमलेलं असे.

जासईला तर फ्रिजचं काही अडलंच नव्हतं. तिथला फ्रिज म्हणजे मीठ. या खाडीकाठावर भातशेती, मासेमारी आणि मिठागरं. ताजं मावरं आलं की त्या दिवशीचं त्या दिवशी खायचं, जास्त झालं तर शेजारी वाटायचं, आणि उरलेलं मीठ लावून उन्हात. सुकट, बोंबील, वाकट्या डब्यात भरल्या की पावसाळा निघतो. ना ज्योत, ना कॉम्प्रेसर, ना लेव्हलचा बुडबुडा. शिवाय हेच मीठ बर्फात घातलं तर मिश्रण शून्याखाली २१ अंशांपर्यंत उतरतं. हातानं फिरवायच्या पॉटमधलं आइस्क्रीम गोठतं ते यामुळेच. म्हणजे शहरात हाताचे कोपरे दुखेपर्यंत आइस्क्रीम फिरवताना आपण जी मुठीमुठीनं टाकत होतो, ती खाडीकाठच्या कुणाच्या तरी पायांची मेहनत होती.

ती मिठागरं आणि ती शेतं पुढे गेली. १९७० साली सिडको स्थापन झाली, नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं. जासईचेच दि. बा. पाटील शेतकऱ्यांच्या बाजूनं उभे राहिले. १९८४ च्या जानेवारीत १६ आणि १७ तारखेला दास्तान फाट्यावर आणि नवघरच्या पागोटे भागात गोळीबार झाला, पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व निघालं. इथं विनोद करायला माझी जीभ रेटत नाही, आणि सासरी तर मुळीच नाही. एवढंच सांगतो, की आमच्या सासऱ्यांकडे फ्रिज आला तो जमिनीच्या पैशांतून, आणि तो आला तेव्हा त्यात ठेवायला शेतातलं काही उरलं नव्हतं.

सासूबाईंनी त्या फ्रिजला पहिल्या दिवशीच नाव ठेवलं : "शिला ठेवायचा कपाट." पुढे त्या कपाटाचा गुण दिसला. पूर्वी टोपलीभर मावरं आलं की दहा घरी वाटी जायची, कारण ठेवायला जागा नव्हती. आता जागा होती. वाटी घरातच राहिली. वाईट कुणीच नव्हतं. दाता आणि कंजूष यांच्यातला फरक कधी कधी फक्त एका फ्रीजरचा असतो.

२६ मे १९८९ रोजी न्हावा शेवा बंदर सुरू झालं आणि जासईच्या आसपास कंटेनर येऊ लागले. त्यातले काही साधे पत्र्याचे, आणि काही ‘रीफर’. रीफर म्हणजे चाळीस फुटी फ्रिज. एका टोकाला यंत्र, बाकीचा माल. मेव्हण्याचं काम हेच : आलेला रीफर तीन फेजच्या विजेला जोडायचा, आकडा बघायचा, लिहायचा. कोळंबी उणे अठरावर, द्राक्षं शून्याच्या आसपास. रस्त्यावर असेपर्यंत त्याला डिझेलचा जनरेटर, यार्डात आला की वायर, जहाजावर चढला की जहाजाची वीज. नाशिकची द्राक्षं युरोपात पोचेपर्यंत त्यांना उन्हाची झळ लागता कामा नये. भाच्याची सगळी कर्मकहाणी मेव्हणा रोज शेकड्यांनी करतो, फक्त त्याला ती कहाणी वाटत नाही. "दाजी," तो म्हणतो, "तुमच्या भाच्याचा एक फ्रिज. माज्या रांगेत उभे हायेत ते बघा. कोलंबी थंडीत, आमी उन्हात." फ्रंटिअर मेलच्या फलाटावरचा तो हमाल मला इथं भेटला, आता त्याच्या अंगात केशरी जाकीट आहे आणि डोक्यावर हेल्मेट, एवढंच.

आता तुम्ही म्हणाल, ज्योतीचं काय झालं? भाच्यानं ती विझवली, जग विजेवर आलं, आग संपली. मलाही तसंच वाटलं होतं. पण जासईपासून बोकडविरा लांब नाही. १९७४ साली बॉम्बे हायला तेल लागलं. समुद्रातून गॅस उरणला आला. तिथं त्यातून स्वयंपाकाचा गॅस वेगळा निघू लागला. हा गॅस म्हणजे भाच्याच्या टाकीतलं ते प्रोपेन, आणि सोबत त्याचा भाऊ ब्युटेन. उरलेल्या गॅसचं एक काम म्हणजे बोकडविऱ्याचं वीजकेंद्र. १९८२ पासून तिथं गॅस जाळून वीज होऊ लागली. म्हणजे ज्योत विझली नाही, तिची बदली झाली. फ्रिजखालून उठून ती बोकडविऱ्याला गेली. खर्चाच्या हिशोबानं हे बरंच. कारण ज्योतीवरच्या फ्रिजपेक्षा हाच वळसा घेतला तर तेवढ्याच गारव्याला इंधन कमी लागतं. पण ज्योत आपल्या घरात दिसत होती तोवर आपण तिची काळजी घेत होतो. दुसऱ्याच्या गावात गेल्यावर आपण फक्त बिल बघतो.

आणि अजून एक. कॉम्प्रेसरच्या फ्रिजमध्ये पूर्वी फ्रिऑन जातीचे वायू असत. त्यांनी आभाळातल्या ओझोनला भोक पाडलं, १९८७ साली माँट्रिऑलला करार झाला आणि ते वायू हळूहळू बाद झाले. त्यांच्या जागी घरच्या फ्रिजमध्ये आज बहुधा काय असतं? आयसोब्युटेन. काही तोळे. म्हणजे पुन्हा शेगडीच्या गॅसचंच भावंड! भाच्यानं एवढा खटाटोप करून गॅसला पुढच्या दारानं घालवलं, आणि तो खिडकीतून, फ्रिजच्या पोटात बसून परत आला. मी हे त्याला कळवलं. त्याचं उत्तर अजून आलं नाही. बहुतेक तो फ्रिजला कान लावून बसला असेल.

मेव्हण्याला मात्र यात नवल वाटलं नाही. विजेचा भरवसा किती, हे त्यानं ३ जून २०२० ला पाहिलंय. निसर्ग वादळ रायगडवर आदळलं त्या दिवशी. जासईतल्या त्याच्या आळीत वीज गेली ती लवकर येईना. पावसाळ्याची बेगमी म्हणून घरोघर फ्रीजर भरलेले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळ्यांच्या फ्रिजमधून पाणी बाहेर आलं. मग काय करणार? ज्याच्याकडे जे होतं ते त्यानं काढलं आणि शिजवलं. पापलेट, हलवा, कोळंबी, सगळं एकदम. टाळेबंदीचे दिवस, तोंडाला फडकी, कुणी कुणाच्या घरात शिरायचं नाही. तेव्हा प्रत्येकानं आपापल्या ओट्यावर भांडं ठेवायचं, चार पावलं मागे सरायचं, आणि शेजाऱ्यानं येऊन उचलायचं. किती वर्षांनी आळीतून वाट्या फिरल्या.

त्या संध्याकाळी मेव्हण्याचा फोन आला. मागून सासूबाईंचा आवाज येत होता. विचारलं, नुकसान किती झालं? मेव्हणा हिशोब सांगायला लागला, किलोच्या भावानं. सासूबाईंनी त्याच्या हातून फोन घेतला आणि म्हणाल्या, "जावय, त्याचा ऐकू नका. सगल्यांना मावरा भेटला. आनि सुकट हाय डब्यान, तिला काय नाय झाला."